फाटले का, आणि का फाटले? : स्कूबानंतरच्या संशयित फुप्फुसइजेचे विवेचन

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ, खडकाळ पाण्यात पहिल्यांदाच स्कूबा करून बोटीवर आलेला माणूस खोकू लागला, तर कोणी ते फारसे मनावर घेत नाही. नाकातोंडात खारे पाणी गेले असेल, असे म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. संध्याकाळी तोच माणूस ‘वर आल्यापासूनच छातीच्या मधोमध दुखतंय, आता आवाजही बसलाय’ म्हणू लागला की गोष्ट बदलते. समजा, तो कोल्हापूरचा आहे, तिशीतला आहे, सिगारेट ओढत नाही. खाली असताना मास्कमध्ये पाणी शिरले, तो घाबरला आणि धडपडत वर आला, एवढेच त्याला आठवते. एक्स-रेत काही दिसत नाही. कागदावर लिहिले जाते : फुप्फुसाला इजा झाल्याचा संशय.

मोडलेले हाड एक्स-रेत दिसते आणि सांधलेलेही दिसते. फुप्फुसाचे तसे नाही. फाटलेली जागा बहुधा कोणत्याच चित्रात सापडत नाही. सापडते ती तिथून निसटून भलतीकडे गेलेली हवा. ती हवा जिरली की रुग्णाला बरे वाटू लागते, आणि घोटाळा नेमका इथे होतो. कारण प्रश्न दोन आहेत. ऊती सांधल्या का, हा एक. आणि मुळात त्या का फाटल्या, हा दुसरा. पहिला प्रश्न शरीर बहुतेक वेळा आपला आपण सोडवते. दुसरा सुटल्याशिवाय माणूस बरा झाला असे म्हणणे मला घाईचे वाटते.

दाबाचे गणित

समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो : १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट, २० वर तिप्पट, ३० वर चौपट. दाब वाढला की वायूचे आकारमान त्याच प्रमाणात घटते, हे रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडले. पाणबुड्याच्या तोंडातला रेग्युलेटर (कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये तो तयार केला) माणूस ज्या खोलीवर असेल त्या खोलीच्या दाबाने हवा देतो. नाहीतर छाती फुगवताच आली नसती. सोय तीच आणि धोकाही तोच. १० मीटरवर छाती भरून घेतलेली ५ लिटर हवा श्वास रोखून वर आणली, तर पृष्ठभागावर तिला १० लिटर जागा लागते. तेवढी जागा छातीत नाही. ३० मीटरवरून २० वर येताना मात्र तीच हवा एक तृतीयांशानेच फुगते. म्हणजे सर्वांत जोखमीचा टप्पा शेवटच्या १० मीटरचा. ‘मी काही फार खोल गेलो नव्हतो’ हे वाक्य डॉक्टरांनी दिलासा म्हणून ऐकू नये, ते या कारणाने.

किती उथळ पाणी पुरते, याचे उत्तर अंगावर येणारे आहे. मल्होत्रा आणि राइट यांनी ताज्या मृतदेहांवर केलेले प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वासनलिकेतला दाब सुमारे ७३ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढला, की मोकळ्या छातीतली फुप्फुसे फाटत. एवढा दाब म्हणजे जेमतेम एक मीटर पाणी. छाती आणि पोट आवळून बांधले की फुप्फुसे जवळजवळ दुप्पट दाब सोसत. म्हणजे फाडतो तो निव्वळ दाब नव्हे. दाबाने येणारा ताण फाडतो. फुगा मुठीत धरून फुगवला तर उशिरा फुटतो, तसेच हे. पोहण्याच्या तलावात सिलिंडर लावून शिकणाऱ्यालाही ही इजा होऊ शकते, हे एकदा समजले की उथळ पाण्याबद्दलचा निर्धास्तपणा उरत नाही.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा. पाणबुड्यांच्या ज्या आजाराबद्दल लोकांनी ऐकलेले असते, रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा, तो आजार खोली आणि वेळ यांच्या हिशेबाने येतो. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर तो हिशेब ठेवतो. फुप्फुस फाटायला मात्र वेळ लागत नाही. एक रोखलेला श्वास पुरतो. त्या श्वासाची नोंद कॉम्प्युटरकडे नसते. त्यामुळे ‘कॉम्प्युटर सगळे ठीक दाखवत होता’ हा पुरावा या खटल्यात चालत नाही.

निसटलेली हवा जाते कुठे? चार्ल्स आणि मॅज मॅक्लिन या कॅनडातल्या दांपत्याने १९४४ मध्ये तिची मुख्य वाट दाखवून दिली : फुटलेल्या वायुकोशांतून हवा श्वासनलिकांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या बाहेरच्या वेष्टनात शिरते आणि त्या वेष्टनाच्या आधाराने सरकत सरकत दोन फुप्फुसांमधल्या पोकळीत (मध्यपोकळीत), हृदयाभोवती पोचते. तिथून ती मानेत चढते. मग आवाज बदलतो, गिळताना टोचते, गळ्याच्या हाडाच्या वर बोट दाबले तर कुरमुऱ्यांच्या पिशवीवर बोट ठेवल्यासारखी करकर लागते. दुसरी वाट फुप्फुसावरणाची. तिथे हवा गेली की न्यूमोथोरॅक्स होतो, फुप्फुस आकसते. तिसरी वाट सर्वांत वाईट : हवा फुप्फुसातल्या शिरांत, तिथून हृदयाच्या डाव्या कप्प्यात आणि थेट मेंदूत. पाणबुडीतून सुटकेचे प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी नौसैनिकांमधल्या अशा घटनांचे वर्णन पोलाक आणि ॲडम्स यांनी १९३२ मध्येच केले होते. माणूस वर येतो आणि बहुधा १० मिनिटांच्या आत शुद्ध हरपते, झटके येतात, किंवा एक बाजू लुळी पडते. छातीत काहीही सापडले नाही तरी ही तिसरी वाट नाकारता येत नाही, हे विसरू नये.

वेळेची साक्ष

संशय खरा की खोटा हे ठरवताना मला सर्वांत मोलाची वाटते ती लक्षणांची वेळ. नेमके कधी सुरू झाले : खाली असताना, वर येताना, बोटीवर चढल्यावर लगेच, की तासा-दोन तासांनी? सीटी स्कॅन दुसऱ्या दिवशीही काढता येतो. बोटीवरच्या पहिल्या दहा मिनिटांची आठवण दुसऱ्या दिवशी अर्धी पुसलेली असते, आणि उरलेली अर्धी नातेवाइकांनी आपापल्या परीने दुरुस्त केलेली असते.

दम तळाशी असतानाच लागला, वर येताना वाढला, खोकल्यातून गुलाबीसर फेस पडला, तर फुप्फुस फाटल्याचा विचार मागे सारून पाण्यात उतरल्यामुळे होणाऱ्या फुप्फुससुजेचा विचार पुढे घ्यावा लागतो. ब्रिटनमधल्या विल्म्सहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी ती १९८० च्या दशकात नीट वर्णन केली. पाण्यात उतरले की हातापायांतले रक्त छातीकडे लोटले जाते. थंडी, रक्तदाब, दमछाक यांची भर पडली की केशवाहिन्यांतून पाणी वायुकोशांत झिरपते. फाटत काही नाही. रुग्णाला पाण्याबाहेर काढून ऑक्सिजन दिला की तो बहुधा एक-दोन दिवसांत ठीक होतो. पण ही सूज पुन्हा येण्याची खोड असलेली आहे, आणि पुढचा हल्ला जिवावर बेतू शकतो. म्हणून इथे तपासायचे ते हृदय आणि रक्तदाब. छाती साफ दिसली म्हणून परत पाण्यात जायला मुभा देणे ही मोठी चूक ठरते.

तासा-दोन तासांनी हुडहुडी, अंगदुखी, ताप आणि खोकला आला, तर खाऱ्या पाण्याचे तुषार श्वासात गेल्याचा संशय घ्यावा. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातले डॉक्टर कार्ल एडमंड्स यांनी १९७० मध्ये हे चित्र मांडले. ते बहुधा दिवसभरात ओसरते. नाही ओसरले तर न्यूमोनिया शोधावा. खोल आणि लांब डाइव्हनंतर छातीत जळजळ, खोकला, दम, म्हणजे नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी फुप्फुसातल्या वाहिन्या कोंडल्या का, हेही पाहावे लागते. मालवणच्या उथळ, ओळखीपुरत्या डाइव्हमध्ये ती शक्यता अगदी कमी.

आपल्या कोल्हापूरकराला वर आल्या आल्या छातीत दुखले, संध्याकाळी आवाज बसला. ही वेळ फाटण्याकडेच बोट दाखवते. साध्या एक्स-रेत थोडी हवा सहज निसटते, म्हणून सीटी काढावा. पण सीटीपेक्षाही आधी त्याला सरळ रेषेत, टाचेला बोट लावत चालवून पाहावे. मेंदूत गेलेला छोटा बुडबुडा कधी कधी फक्त तोल बिघडवतो, आणि छातीचे दुखणे सांगणारा माणूस तोल गेल्याचे सांगतच नाही.

ऑक्सिजन : किती आणि का

घट्ट मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन आणि पाठीवर सपाट झोपवणे, हा प्रथमोपचार आज सर्वमान्य आहे. डोके खाली, पाय वर करण्याची जुनी पद्धत मागे पडली; त्याने मेंदूतली सूज वाढू शकते. मेंदूची लक्षणे असतील, अगदी येऊन गेली असतील, तरी रुग्णाला दाबकोठीत न्यावे लागते, कारण सुधारलेला रुग्ण काही तासांनी पुन्हा ढासळल्याची उदाहरणे आहेत. दाबकोठीत सर्वसाधारणपणे १८ मीटर पाण्याइतक्या दाबाखाली, मधे मधे हवा देत, पावणेपाच तास ऑक्सिजन दिला जातो. अमेरिकी नौदलाचा हा सहावा उपचारतक्ता जगभर वापरात आहे. आत नेण्याआधी न्यूमोथोरॅक्स शोधलाच पाहिजे. नाहीतर दाब उतरवताना छातीत अडकलेली हवा फुगते, आणि उपचारच इजा करतो. मुंबईत कुलाब्याला नौदलाचे अश्विनी रुग्णालय आणि तिथली नौदल वैद्यक संस्था हे या विषयातले आपल्याकडचे जुने आणि मुख्य केंद्र. फक्त मध्यपोकळीत हवा असेल, मेंदूची काहीच लक्षणे नसतील, तर मात्र दाबकोठी लागत नाही.

मग छातीत अडकलेल्या हवेवर ऑक्सिजन काय करतो? नळीने कोणी ती शोषून घेत नाही. हा सगळा खेळ दाबाच्या उताराचा आहे. साधी हवा श्वासात घेताना शिरांतल्या रक्तामधल्या वायूंचे आंशिक दाब मोजले तर ऑक्सिजनचा सुमारे ४०, कार्बन डायऑक्साइडचा ४६, पाण्याच्या वाफेचा ४७ आणि नायट्रोजनचा ५७३ मिलिमीटर पारा भरतो. बेरीज ७०६. अडकलेल्या हवेचा दाब ७६० च्या आसपास. फरक अवघा ५४. म्हणून हवा हळूहळू जिरते. शुद्ध ऑक्सिजन घेतला की रक्तातला नायट्रोजन जवळजवळ संपतो, बेरीज दीडशेच्या आसपास उतरते आणि फरक सहाशेच्या घरात जातो. कागदावर हा वेग दसपटीहून अधिक दिसतो. प्रत्यक्षात मोजलेला वेग साधारण चौपट भरला. न्यूमोथोरॅक्स एरवी दिवसाला त्या बाजूच्या पोकळीच्या सव्वा ते दोन टक्के जिरतो. १५ टक्क्यांचा असेल तर आठ ते बारा दिवस धरून चालावेत. त्याहून बराच मोठा असेल किंवा दम लागत असेल, तर वाट पाहत न बसता नळी घालावी.

पण ऑक्सिजन दिवसेंदिवस लावून ठेवता येत नाही. जास्त दाबाचा ऑक्सिजन खुद्द फुप्फुसालाच सुजवतो, हे जेम्स लॉरेन स्मिथ यांनी १८९९ मध्येच दाखवले होते. ‘नुसता ऑक्सिजनच तर आहे’ म्हणून चार दिवस मास्क बांधून ठेवणे हा उपचार नव्हे.

घाट आणि विमान

किनारपट्टीवरून देशावर परतणाऱ्या आपल्या माणसाचा एक खास प्रश्न आहे. मालवणहून कोल्हापूरला जायचे तर घाट चढावा लागतो. आंबोलीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर. तिथे हवेचा दाब इतका उतरतो की छातीत अडकलेली हवा आठ-नऊ टक्क्यांनी फुगते. एवढ्याने बहुतेकांना काही होणार नाही. मला घाटाची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने : इजा नक्की कोणती हे ठरायच्या आत रुग्ण रुग्णालयापासून आणि ऑक्सिजनपासून दोन तास दूर, वळणांच्या रस्त्यावर जातो. शिवाय त्याच्या अंगात नायट्रोजनचे बुडबुडे असतील तर ६०० मीटरच्या वरची उंची त्यांनाही फुगवते. पहिली रात्र किनाऱ्यावरच काढावी, आणि मुंबईला हलवायचेच असेल तर कुडाळहून निघणारी कोकण रेल्वे घाटमाथ्यावर चढत नाही हे ध्यानात ठेवावे.

चिपी किंवा मोपा विमानतळावरून विमानाने तासाभरात मुंबई गाठण्याचा मोह मात्र टाळावा. प्रवासी विमानाच्या आतला दाब सुमारे २४०० मीटर उंचीइतका कमी होऊ शकतो, म्हणजे हवा एक तृतीयांशाने फुगू शकते. न्यूमोथोरॅक्स पूर्ण जिरल्याचे एक्स-रेत दिसल्यावर आणखी सात दिवस विमानात बसू नये, असा ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीचा सल्ला आहे. याच हिशेबातली एक बाब सहसा कोणी सांगत नाही : त्या काळात दुसऱ्याच कारणाने भूल घ्यावी लागली, तर भूलतज्ज्ञाला ही इजा सांगितलीच पाहिजे. भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड अडकलेल्या हवेत झपाट्याने शिरतो आणि ती फुगवतो.

घरची विश्रांती

घरी आल्यावर सल्ल्यांचा पूर येतो. त्यातले बरेचसे प्रेमाने दिलेले आणि नेमके उलटे असतात. फुप्फुस ‘मजबूत’ व्हावे म्हणून भस्त्रिका, कपालभाती, कुंभक; कोणी फुगे फुगवायला सांगतो; कोणी आरतीला शंख वाजवायला बसवतो. या सगळ्यांत एकतर छातीतला दाब झटक्याने चढतो किंवा श्वास कोंडला जातो, आणि नुकत्याच सांधत असलेल्या वायुकोशांना तेच नको असते. सुरुवातीचे काही आठवडे साधा, संथ श्वास आणि रोजचे चालणे पुरे. जड उचलणे नको. खोकला आणि बद्धकोष्ठ या दोन क्षुल्लक वाटणाऱ्या तक्रारींना मात्र औषध हवे. कुंथताना छातीत चढणारा दाब भारोत्तोलनापेक्षा वेगळा नसतो. इसबगोल हे या आजारातले गंभीर औषध आहे, हे मी गमतीने म्हणत नाही.

मध्यपोकळीतली हवा आणि मानेतली करकर बहुधा आठ-पंधरा दिवसांत जाते. थकवा त्यापेक्षा रेंगाळतो, आणि छातीत अधूनमधून टोचणे महिनाभरही राहू शकते. दम वाढणे, एका बाजूला एकाएकी तीव्र कळ, ताप, किंवा हातापायांत बधिरपणा आला, तर वाट न पाहता पुन्हा तपासावे. जोर लावून फुंकायची स्पायरोमेट्री या काळात करू नये. हवा पूर्ण जिरल्यावर करावी.

का फाटले

आता दुसरा प्रश्न. श्वास रोखून, घाबरून वर आलो, असे रुग्ण स्वतः सांगतो तेव्हा कारण मिळाले असे धरता येते : निरोगी फुप्फुस, चुकीची कृती. उलट, संथपणे, नीट श्वास घेत वर आलेल्या माणसाचे फुप्फुस फाटले, तर दोष फुप्फुसात शोधावा लागतो. दम्यामुळे एखादी बारीक नलिका आवळलेली असते. न बरा झालेला खोकला असेल तर कफाचा बोळा एखाद्या फाट्याला दट्ट्यासारखा बसतो. हवा आत जाते, बाहेर येत नाही. फुप्फुसाच्या टोकाशी जन्मजात किंवा धूम्रपानाने झालेले फुगवटे असतात. अशा वेळी माणूस पूर्ण श्वास सोडत आला तरी फुप्फुसाचा तो एक कोपरा मात्र श्वास रोखूनच वर येत असतो. आणि मेंदूची लक्षणे असूनही छातीत काहीच सापडले नाही, तर हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यातले छिद्र पाहावे. सुमारे एक चतुर्थांश प्रौढांत ते उघडे राहिलेले असते आणि शिरांतले बुडबुडे त्यातून डावीकडे जाऊ शकतात.

म्हणून लक्षणे गेल्यावर, काही आठवड्यांनी, बारीक छेदांचा सीटी आणि पूर्ण स्पायरोमेट्री हवी. पर्यटकाला त्याचा कंटाळा येतो. त्याला पुन्हा डाइव्ह करायचीच नसते. पण ज्याच्या फुप्फुसात फुगवटा आहे त्याला तो विमानातही आणि सिगारेटच्या दुकानापाशीही माहीत असलेला बरा.

खरा पेच पडतो तो किनाऱ्यावरच्या प्रशिक्षकांचा, ज्यांचे पोट या पाण्यावर चालते. कारण स्पष्ट, सीटी स्वच्छ, श्वासाचे आलेख नीट असतील, तर निदान तीन महिने थांबून परत जाऊ द्यावे, असे मानणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. फुगवटा सापडला की मते फाटतात. छोटे फुगवटे धडधाकट माणसांतही सापडतात आणि त्यांतले बहुतेक कधी फुटत नाहीत. पण ज्याच्या बाबतीत एकदा फुटला आहे त्याला ही सरासरी लावता येत नाही, असे माझे मत. आपोआप न्यूमोथोरॅक्स झालेल्यांना ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी स्कूबा कायमचा बंद करायला सांगते. अपवाद फक्त दोन्ही बाजूंचे फुप्फुसावरण शस्त्रक्रियेने काढलेल्यांचा, तोही नंतरचे सीटी आणि आलेख स्वच्छ असतील तर.

अशा माणसाला समुद्र बंद होतो असे नाही. पृष्ठभागावर छाती भरून, फक्त मास्क आणि स्नॉर्केल घेऊन तो दोन-तीन मीटर खाली बुडी मारू शकतो, फुप्फुससूज येऊन गेलेली नसेल आणि इजा पूर्ण भरून आली असेल तर. ती हवा खाली जाताना दबते आणि वर येताना जेवढी होती तेवढीच होते, त्याहून जास्त होत नाही. अट एकच : खाली असलेल्या मित्राच्या रेग्युलेटरमधून गंमत म्हणूनही एक श्वास घ्यायचा नाही.